बारा वर्षांची मुदत

इरावती दर रविवारी घरून पाण्याची बाटली भरून आर्ट गॅलरीत जाते, हे मला तिसऱ्या रविवारी कळलं. घरातल्या गोष्टी नवऱ्याला सगळ्यांत शेवटी कळतात, त्यात नवल नाही. नवल याचं की त्या बाटलीतला घोटभरही ती स्वतः पीत नव्हती.

आम्ही जॉन्सनव्हिलला राहतो, वेलिंग्टनच्या उत्तरेला. बावीस वर्षं झाली. इरावती, माझी बायको, हॉस्पिटलात नर्स आहे. मी चंद्रशेखर, रिटायर झालेला इंजिनिअर. जन्मभर उतारांचं काम केलं. कुठला डोंगर घसरेल, कुठला टिकेल, रस्त्याकडेची भिंत किती पाणी झेलेल, याचे रिपोर्ट लिहायचे. माझा स्वभाव तापट आहे, हे मला ऑफिसात सगळ्यांनी सांगितलंय आणि घरी कुणी सांगायची गरज नाही.

आम्हाला एकच मुलगा, वेदांत. चार वर्षांपूर्वी जुलैतल्या एका शनिवारी तो एकटाच टारारुआच्या डोंगरांत ट्रॅम्पिंगला, म्हणजे रानवाटांनी डोंगर तुडवायला, गेला आणि परत आला नाही. सव्वीस वर्षांचा होता. रस्ता संपतो तिथं त्याची गाडी मिळाली. नदीकाठी एक हातमोजा मिळाला, तो त्याचा असेल किंवा नसेल. हेलिकॉप्टर, कुत्री, ओळख ना पाळख अशी चाळीस माणसं, नऊ दिवस शोध चालला. दहाव्या दिवशी पोलिसांतला एक सभ्य माणूस घरी आला, चहा घेतला आणि शोध थांबवत असल्याचं सांगून गेला. मी त्याला दारापर्यंत सोडायलाही उठलो नाही.

तीन वर्षांनी कॉरोनरचा, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचा, कागद आला. नदी ओलांडताना वाहून गेला असावा, मृत समजावं. इरावतीनं तो दोनदा वाचला. मी लिफाफ्याला हात लावला नाही.

त्याआधीच, पहिल्या वर्षी, माझ्या बहिणीनं पुण्याच्या गुरुजींना विचारलं होतं. ते म्हणाले, बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची. बारा वर्षांत आला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, तो तोच आहे असं मानून त्याला अग्नी द्यायचा आणि मग पुढचे दिवस करायचे. त्याआधी पाणी नाही, पिंड नाही. जिवंत असेल आणि तुम्ही पाणी सोडलंत तर त्याचं आयुष्य तोडल्यासारखं होतं.

मी आयुष्यात कुठल्या गुरुजींचं ऐकलेलं नाही. सत्यनारायणाला मी शिऱ्यापुरता बसणारा माणूस. पण पोलिसांनी नऊ दिवस दिले, कॉरोनरनं तीन वर्षं दिली, शास्त्रानं बारा दिली. ज्यानं जास्त मुदत दिली त्याच्या मागे मी गेलो. यात धर्म वगैरे काही नव्हता. मला वेळ हवा होता.

म्हणजे माझ्या हिशेबानं २०३३च्या जुलैपर्यंत वेदांत आहे. त्याची गाडी मी दर वर्षी फिटनेसच्या वॉरंट तपासणीला नेतो, टायरमधली हवा बघतो, शनिवारी पोरिरुआपर्यंत फिरवून आणतो, म्हणजे बॅटरी उतरायला नको. ओळखीचं कुणी भेटलं आणि मान वाकडी करून 'कसे आहात' म्हणालं की मी दुसऱ्या विषयावर जातो. एकदा दिवाळीच्या कार्यक्रमात समीर नावाच्या एका आयटीवाल्यानं 'त्याच्या आत्म्याला' असं सुरू केलं, तेव्हा मी ताट तिथंच ठेवून उठून आलो. त्यानंतर आम्हाला बोलावणी कमी झाली. बरंच झालं.

इरावतीचं काय म्हणणं होतं ते मी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही. एका घरात दोन माणसं तोंडाला कुलूप लावून चार वर्षं राहू शकतात, नोकरी असली आणि टीव्ही चालू असला की जमतं.

या वर्षी जुलैत, त्याच आठवड्यात, ती म्हणाली, "गॅलरीत एक्झिबिशन आहे. वॉर्डमधली सिद्धी जाऊन आली, मस्त आहे म्हणाली. जाऊ या?" घरात बसण्यापेक्षा बरं म्हणून मी हो म्हटलं.

प्रदर्शन चिकानो लोकांच्या चित्रांचं होतं. चिकानो म्हणजे अमेरिकेतली मेक्सिकन मुळांची माणसं. कुणाच्या पणज्याच्या पायाखालून सीमाच सरकली आणि तो जागच्या जागी परका झाला. कुणी सीमा ओलांडून द्राक्षांच्या, लेट्यूसच्या शेतांत राबायला आलं. या लोकांचं वेलिंग्टनला काय काम, असं मला वाटलं. पण मग आमचं तरी काय काम होतं. गॅलरीनं या वर्षी त्यांची दोन प्रदर्शनं ठेवली होती, हिवाळ्यात छापील चित्रं आणि पोस्टर्स, वसंतात दुसरं काहीतरी.

पोस्टर्स मला आवडली, खोटं कशाला बोलू. लाल-काळे ठसठशीत रंग, आवळलेल्या मुठी, आखूड दांड्याचं खुरपं घेऊन वाकलेल्या पाठी. त्या पाठींचे मणके चित्रकारानं मोजून काढले होते. मी खुशीत पुढं पुढं जात होतो आणि मागं वळून पाहिलं तर इरावती एकाच चित्रापुढं उभी. एक बाई शर्टाला इस्त्री करतेय. शर्ट पुरुषाचा, मोठा. खोलीत दुसरं कुणी नाही. खिडकीबाहेर नुसतं वाळवंट. शेजारी पाटी होती की सीमेजवळच्या वाळवंटात दर वर्षी माणसं नाहीशी होतात, कित्येकांची हाडंही मिळत नाहीत, आणि गावांतल्या आया त्यांचे कपडे धुऊन इस्त्री करून ठेवतात.

तळपायाची आग मस्तकात गेली. कुणावर, ते सांगता येणार नाही. मी खालच्या कॅफेत जाऊन बसलो. वीस मिनिटांनी ती आली, डोळे कोरडे होते. "छान होतं," म्हणाली. ट्रेनमध्ये आम्ही पावसाविषयी बोललो.

वसंतातलं दुसरं प्रदर्शन ऑक्टोबरात लागलं. त्याला ती एकटीच गेली. पुढच्या रविवारीही गेली. मी म्हटलं, जाऊ दे, माणसाला काहीतरी लागतं. तिसऱ्या रविवारी ती फिल्टरखाली बाटली धरून उभी होती आणि बाटली भरल्यावर तिनं ती पदराला पुसावी तशी स्वेटरला पुसली.

"तिथं नळ नाही का?" मी विचारलं.

"आहे ना. पण घरचं बरं."

"कुणाला बरं?"

तिनं झाकण लावलं. "तुम्हीपण चला हवं तर," ती म्हणाली. तिनं लपवालपवी केली असती तर बरं झालं असतं, भांडायला जागा मिळाली असती.

गॅलरीच्या दारात एक तरुण मुलगी होती, गळ्यात ओळखपत्र, केसांत पिवळी पेन्सिल खोचलेली. "कीया ओरा, इरा," ती हसून म्हणाली. इरा हे नाव मी सोडून कुणी घेत नाही. इरावतीनं आमची ओळख करून दिली. मुलीचं नाव मिरियामा. तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवला. मी तो सोडवून घेतला.

आतल्या खोलीत भिंतभर एक आरास होती. गौरींपुढं पायऱ्यापायऱ्यांची करतात तशीच. त्यांच्यात नोव्हेंबरच्या सुरुवातीला मेलेली माणसं घरी येतात म्हणे, त्यांच्यासाठी ही मांडणी. वर नक्षी कातरलेल्या कागदांची तोरणं, मिठाची वाटी, पाव, आणि झेंडू. झेंडू क्रेप कागदाचे, कारण खऱ्या फुलांतून किडे येतात. मेणबत्त्या बॅटरीच्या, कारण आग लागते. मी मनात म्हटलं, वा, मेलेल्यांनीही इथं हेल्थ अँड सेफ्टी पाळायची. आरास करणारी बाई लॉस एंजेलिसची, सत्तरीतली. तिनं पाटीवर लिहिलं होतं की आपली माणसं फार लांबून चालत येतात आणि तहानलेली येतात, म्हणून आधी पाणी ठेवावं. खाली लिहिलं होतं, तुमच्या गेलेल्या माणसांचे फोटो आणा, त्यांनाही जागा आहे.

लोकांनी आणले होते. टोपीतल्या आज्या, रग्बीच्या जर्सीतले आजोबा, एक तान्हं बाळ, एक कुत्रा. दुसऱ्या पायरीवर, कुत्र्याच्या शेजारी, वेदांत. कापिटीच्या किनाऱ्यावरचा फोटो. पोहायच्या चड्डीत, एका पायात रबरी चप्पल, दुसरी हातात, काहीतरी ओरडतोय कॅमेऱ्याकडे बघून. कॅमेरा माझ्या हातात होता. फोटोपुढं काचेचा पेला होता. इरावतीनं पेल्यातलं जुनं पाणी एका कुंडीत ओतलं, बाटलीतलं नवीन भरलं आणि पेला होता तिथं ठेवला. आमच्या घरी देवापुढचं पाणी बदलायची तिची पद्धत आहे, अगदी तशी.

मराठीचा इथं एक फायदा आहे, चारचौघांत भांडता येतं. फक्त आवाज खाली ठेवायचा.

"हे काय आहे?" मी म्हटलं.

"दिसतंय ना."

"माझ्या मुलाला कुत्र्याशेजारी बसवलंस?"

"त्याला कुत्री आवडतात ना," ती म्हणाली. आवडतात, हे ती माझ्यासाठी म्हणाली, ते मला कळलं आणि जास्तच राग आला.

"इरा, फोटो काढ तो. बारा वर्षं झाली नाहीत. जिवंत माणसाच्या नावानं पाणी ठेवतात का?"

"जिवंत असेल तर पिणार नाही तो. मग काय बिघडलं?"

"बिघडतं."

"आणि नसेल तर?" तिचा आवाज अजिबात वर गेला नाही. "नसेल तर चार वर्षं तहानलेला आहे तो. तुम्ही बारा म्हणताय. अजून आठ वर्षं मी त्याला पाण्याशिवाय कसं ठेवू? मी आई आहे हो त्याची. मला रात्री पाणी पिताना गिळवत नाही."

हे तिनं चार वर्षांत पहिल्यांदा सांगितलं. दुसऱ्या कुणीही त्या वेळी तिच्या खांद्यावर हात ठेवला असता. मी म्हणालो, "तुला त्याला मारायची फार घाई झालीय."

असं वाक्य परत घेता येत नाही. तिनं बाटलीचं झाकण लावलं, फोटो तिथंच राहू दिला आणि ट्रेनमध्ये खिडकीशी बसली. घरी येऊन तिनं कुकर लावला, आम्ही जेवलो, मी भांडी घासली. सोमवारी ती ड्युटीवर गेली.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. मंगळवारी मी एकटा गॅलरीत गेलो.

ट्रेनमध्ये मी वाक्यं जुळवली होती. भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही, सभ्यपणे सांगायचं. खोलीत त्या वेळी शाळेची मुलं होती, मिरियामा त्यांना कागदाचे झेंडू करायला शिकवत होती. मी थांबलो. ती आली तेव्हा मी दुसऱ्या पायरीकडे बोट दाखवलं.

"तो फोटो माझ्या मुलाचा आहे," मी इंग्रजीत म्हणालो. "तिथून काढायला हवा. माझा मुलगा जिवंत आहे."

तिनं तोंडावर हात नेला. "खरंच?"

"हो," मी म्हणालो. "जिवंत आहे. फोटो इथं असणं बरोबर नाही."

"नाही, नाही, अर्थातच नाही," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, हे इथल्या लोकांचं नेहमीचं. चूक झाली की किती माफी मागू नि किती नको असं यांना होतं. ती घाईघाईनं हातमोजे घालून आली, फोटो उचलला, पेला उचलला, फोटोपुढचं छोटं कार्डही उचललं. "घरी घेऊन जाता?" तिनं विचारलं.

तो फोटो घरी न्यायची माझी छाती झाली नाही. नेला असता तर कुठं ठेवला असता? मी म्हटलं, रविवारी माझी बायको येईल, तिच्याकडे द्या. काम झालं. खाली उतरताना मला हलकं वाटत होतं. चार वर्षांत कुणीतरी पहिल्यांदा माझं म्हणणं हुज्जत न घालता मान्य केलं होतं. एवढंच मला त्या वेळी दिसलं. ती मुलगी का रडली, याचा मी दुसऱ्यांदा विचार केला नाही. डोंगराच्या बाबतीत मी इतका आंधळेपणा कधी केला नसता.

इरावतीला मी सांगितलं नाही. बुधवारी सांगणार होतो, तिची नाइट होती. गुरुवारी ती झोपली होती. शुक्रवारी तिनं पिठलं केलं, तेव्हा सांगायचं जिवावर आलं. शनिवारी मी वेदांतची गाडी पोरिरुआपर्यंत फिरवून आणली. भांडण होईल, ती रडेल, मग कळेल तिला, अशी माझी गणितं चालू होती. फार तर ती फोटो परत ठेवील, मग मी परत जाईन. यापेक्षा वाईट काही होऊ शकतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

रविवारी सकाळपासून पाऊस होता. ट्रेन नको, मी सोडतो, असं मी म्हटलं. तिला बरं वाटलं असावं. गाडीत तिनं बाटली मांडीवर ठेवली होती. घाट उतरताना मी दोनदा तोंड उघडलं. एकदा ट्रक मध्ये आला. दुसऱ्यांदा तीच म्हणाली, "अहो, त्या दिवशीचं मनावर घेऊ नका. तुमचंही खरं आहे. तुम्ही थांबा बारा वर्षं. मी तेवढं पाणी ठेवते. दोघांचं चालू दे." गॅलरीसमोर गाडी थांबवली, ती छत्री उघडून गेली. समोरच्या रस्त्यावर जागा मिळाली तिथं मी गाडी लावली आणि काच धुरकटू नये म्हणून पंखा चालू ठेवला.

दहा मिनिटंही झाली नसतील.

ती पळत आली. एकोणसाठ वर्षांची, जिना चढताना माझा दंड धरणारी बाई, छत्रीबित्री आतच टाकून, पावसात, दोन्ही बाजूंना न बघता रस्ता ओलांडून पळत आली. एका गाडीनं ब्रेक दाबला. तिचा चेहरा मला लांबून दिसला आणि तो चेहरा मी ओळखत होतो. ऑकलंडला शिकत असताना वेदांत सुट्टीला यायचा तेव्हा विमानतळावर तिचा तो चेहरा व्हायचा.

तिनं काचेवर थापा मारल्या. मी काच खाली केली.

"कधी आला फोन?" ती म्हणाली. तिला धाप लागली होती. "कुठं आहे तो? तुम्ही बोललात का त्याच्याशी? चालता येतंय का त्याला? मला का नाही सांगितलंत, अहो, मंगळवारपासून, असं कुणी करतं का?"

"कुणाचा फोन?" मी विचारलं. पण तोवर मला सगळं कळलं होतं.

"मिरियामा म्हणाली. तुम्ही येऊन सांगितलंत, वेदांत जिवंत आहे म्हणून. सापडला ना? मी तिला पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं, डोंगराचं, नदीचं. ती रडली हो, मला मिठी मारून रडली. तिनं सगळ्या स्टाफला सांगितलंय. कुठं होता तो?"

पाणी तिच्या चष्म्यावरून वाहत होतं. ती हसत होती. मला खोटं बोलायचं होतं. देवाशपथ सांगतो, मला त्या क्षणी म्हणायचं होतं, हो, सापडलाय, बस गाडीत, जाऊ या त्याला आणायला.

"इरा, आत बस."

"आधी सांगा."

"फोन आला नाही," मी म्हणालो. "कुणाचाच आला नाही. फोटो काढावा म्हणून मी तिला सांगितलं, मुलगा जिवंत आहे म्हणून. ते माझं म्हणणं होतं. तिला वाटलं, बातमी आहे."

ती तशीच उभी राहिली. हसू लगेच गेलं नाही, ते कुठं ठेवायचं हे तिला कळलं नसावं. मग ती गाडीला वळसा घालून आली, दार उघडून शेजारी बसली आणि तिनं पट्टा लावला. का लावला कोण जाणे. आम्ही कुठंच जात नव्हतो.

"मला खरं वाटलं," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर वाटलं नसतं. पण ती म्हणाली, तुझ्या नवऱ्यानं सांगितलं. मी म्हटलं, मग खरंच असणार. हे काही बोलायचं म्हणून बोलत नाहीत."

मी पंखा बंद केला.

"जिना उतरताना माझ्या डोक्यात आलं, घरी वांगी नाहीत. जाताना घ्यायला हवीत, त्याला भरली वांगी लागतील. दाण्याचं कूट आहे का तेही आठवून पाहिलं." ती समोरच्या काचेकडे बघत होती. "वरून इथवर किती वेळ लागतो हो? तीन-चार मिनिटं. तेवढा वेळ तो होता. मी त्याच्यासाठी एकदा रडून घेतलं होतं. कसंबसं संपवलं होतं. आता परत पहिल्यापासून."

मी तिचा हात धरायला गेलो. तिनं तो झिडकारला नाही, पण तिचा हात माझ्या हातात नुसता पडून राहिला.

"आता आत जा," ती म्हणाली. "त्या मुलीला सांगा खरं काय ते. मी सांगणार नाही. माझ्या वॉर्डमध्ये मी सांगितलं. पुण्याला तुमच्या बहिणीला मी सांगितलं. त्याच्या ऑफिसात, त्याच्या मित्रांना, डेंटिस्टचा फोन आला तर त्याला, सगळ्यांना मी सांगितलं. दर वेळी मीच का सांगायचं?"

मी उतरलो. रस्ता ओलांडला. दारात मिरियामा होती, शेजारी आणखी दोघं. मला बघून तिघांचेही चेहरे उजळले. त्यांतल्या एकानं हात पुढं केला, अभिनंदनासाठी. मी तो घेतला, आणि घेतलेला हात धरूनच म्हणालो, "माझं चुकलं. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. माझा मुलगा वारला."

त्या माणसानं हात सोडला नाही. मिरियामा मला आतल्या खोलीत घेऊन गेली, मेजाच्या खणातून लिफाफा काढला, लिफाफ्यातून फोटो काढला आणि दुसऱ्या पायरीवर होता तिथं ठेवला. पेला पुसून ठेवला. इरावतीची बाटली आणि छत्री तिथंच जमिनीवर पडली होती. मी बाटली उघडली आणि पेल्यात पाणी ओतलं. थोडं कागदाच्या फुलांवर सांडलं. ती म्हणाली, असू दे.

मग तिनं फार हळू आवाजात सांगितलं की जुनं कार्ड तिनं मंगळवारी फाडून टाकलं होतं, आनंदाच्या भरात. तिनं मला कोरं कार्ड दिलं आणि केसांतली पेन्सिल काढून दिली. कार्डावर तीन ओळी छापलेल्या होत्या. नाव. जन्म. मृत्यू. "इरानं शेवटची ओळ मोकळी ठेवली होती," ती म्हणाली. "ती म्हणाली, हे माझ्या नवऱ्याला माहीत असेल. तुम्हालाही मोकळी ठेवायची असेल तर ठेवा."

मला माहीत आहे, हे इरावतीला माहीत होतं तर. मी नाव लिहिलं. जन्म लिहिला.

शोध चालू असतानाच, पाचव्या की सहाव्या दिवशी, मी त्या खोऱ्यातल्या पावसाची तासातासाची नोंद मागवली होती. नदीची पातळी, वरच्या उताराची तीव्रता, गाडीपासून नदीपर्यंतचं अंतर, त्याचा चालायचा वेग. एका कागदावर मी ते मांडलं होतं आणि कागद फाडून टाकला होता. तीस वर्षं हेच काम केलेल्या माणसाला त्यात तो वाचल्याची शक्यता वगैरे काही दिसली नव्हती. पोलीस शोधत होते, इरावती देवाला दिवा लावत होती, आणि मला माहीत होतं. शनिवार, दहा जुलै, दुपारी दोन ते चारच्या मध्ये.

वेळेसाठी कार्डावर जागा नव्हती. मी फक्त तारीख लिहिली.